सोन्याची कातडी

तळहाताएवढा, काळा कुळकुळीत, एका अंगाने घासून घासून आरशासारखा झालेला एक म्हातारा दगड आहे मी. सोनाराच्या पाटावर असतो. मला कसोटी म्हणतात.

मित्रांनो, माझं काम सोपं आहे. सोनं माझ्या अंगावर घासतात. एक पिवळी रेघ उमटते. तिच्यावर तेजाबाचा थेंब सोडतात. रेघ टिकली तर सोनं. उडून गेली तर पितळ, तांबं, काहीही. संपलं काम. पण आजही रेघ टिकली की माझा श्वास अडकतो. (दगडाला श्वास नसतो, माहितीये मला. पण अडकतो.)

मी नदीच्या तळाशी होतो तेव्हा मला वाटायचं, आपल्याहून जुनं कोणी नाही. मग एकाने मला उचललं, कापलं, वाळूवर घासून सपाट केलं आणि विकलं. तिसऱ्या हाताला मी माझ्या मालकाकडे आलो. त्याच्या मुलीने एकदा कुठेतरी वाचलेलं मोठ्याने सांगितलं, की सोनं पृथ्वीवर तयारच झालेलं नाही. आकाशात दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले, तेव्हा ते झालं, आणि मग इथे आलं. मी थिजलो. म्हणजे रोज माझ्या अंगावर तारे घासले जात होते! आणि मालक मात्र फडक्याने ते पुसून चहा मागवत होता.

दुकान म्हणजे एक खोली. आठ पावलं लांब, चार पावलं रुंद. एक ऐरण, एक भट्टी, काचेच्या पेटीतला काटा, आणि भिंतीवर टीव्ही. टीव्ही मालकाचा नव्हता. तो आत्याने लावला होता.

आत्या म्हणजे मालकाची धाकटी बहीण. मुलगी तिला आत्या म्हणते म्हणून सगळी गल्लीच आत्या म्हणते. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. निवृत्त झाल्यावर सकाळी नऊला दुकानात यायची, स्टुलावर बसायची आणि सोन्याचा भाव, चांदीचा भाव, शेअर बाजार, सगळं पाहायची. कान टीव्हीकडे आणि हातात लोकरीचं विणकाम. भाव वाढला की टाके घट्ट व्हायचे. एका वर्षी तर मालकासाठी विणलेल्या स्वेटरमध्ये त्याचा हातच जाईना.

बाजाराची ती रेघ मी पण बघायचो. काळ्या पडद्यावर हिरवी, लाल. माझ्यावर उमटते ना, अगदी तशीच! फक्त ती जिवंत. हजारो लोकांची भीती, हजारो लोकांची हाव, सगळी मिळून एक रेघ, आणि ती थरथरत पुढे सरकतेय. मला तिचं फार अप्रूप वाटायचं. माझी रेघ तर एकदाच बोलते आणि गप्प होते.

मुलगी मोबाइलवर शेअर घ्यायची. थोडे थोडे, पगारातून.

"आत्या, तुझं सोनं नुसतं बसून असतं गं. माझे शेअर काम करतात."

"काम करतात की उड्या मारतात? काल तर तोंडावर पडले होते."

"पडतात, उठतात. पैसे बँकेत कुजवण्यापेक्षा बरं."

बँक म्हटलं की आत्याची सुई थांबायची. त्यामागे कारण होतं. एका मोठ्या बँकेने, काचेच्या दारांच्या, गार हवेच्या, एक दिवस शटर ओढलं होतं. आत्याचा नवरा तेव्हा दवाखान्यात. आत्या तीन दिवस त्या शटरसमोर उभी होती, स्वतःच्या पैशांसाठी. चौथ्या दिवशी शटर उघडलं. तोपर्यंत नवरा गेला होता. ऑपरेशन झालं असतं तर वाचला असता का, कोणीच सांगू शकलं नाही. पण आत्या तेव्हापासून कुठल्याही बँकेची पायरी चढली नाही. पेन्शनसुद्धा पोस्टातून. साठलं की सोनं.

आणि इथे तो येतो. आत्या त्याला 'आपला माणूस' म्हणायची.

आपला माणूस घरोघरी जाऊन सोन्याची बिस्किटं विकायचा. पांढरा शर्ट, हळू आवाज. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "मावशी, त्या काचेच्या इमारतीत बसलेले चोर आहेत, चोर! गोरगरिबांच्या घामावर एसी चालतो त्यांचा." झालं. आत्याने त्याला चहा दिला, दुसरा कप पण दिला. बिस्किटाला सीलबंद पाकीट नव्हतं, त्याचं कारण त्यानेच आपणहून सांगून टाकलं. "पाकिटाचे जास्तीचे पैसे बँका खातात, मावशी." आत्या म्हणाली, बरोबर बोलतोय माणूस.

पाच वर्षांत तिने त्याच्याकडून चार बिस्किटं घेतली. प्रत्येकी शंभर ग्रॅम. पाचवं जुनं होतं, नवऱ्याने कधीकाळी एका बँकेतूनच घेतलेलं, बँकेच्या शिक्क्याचं. ते ती वेगळ्या रुमालात ठेवायची, जणू त्याची लागण होईल.

मालकाची कामाची एक पद्धत होती. बाहेरचा कोणी बिस्कीट घेऊन आला, कोणीही असो, आधी कानशीने घासत घासत कोपरा खोल कापायचा, मग आतली कड माझ्यावर घासायची. कारण मित्रांनो, मी फक्त कातडी पाहतो. जे माझ्या अंगाला लागतं तेवढंच मला कळतं. आत काय आहे, देव जाणे.

पण घरच्यांचं सोनं तो कापायचा नाही. "बहिणीच्या सोन्याला कानस लावली, तर तिच्या तोंडावर संशय घेतल्यासारखं होतं," म्हणायचा. आत्याची चारही बिस्किटं त्याने वरवर घासली. चारही रेघा टिकल्या. मी चारही वेळा 'हो' म्हणालो. खोटं नव्हतो बोललो.

मग दुकानाची खोली ज्याच्याकडून भाड्याने घेतली होती, त्या घरमालकाने सांगितलं, खोली विकायचीये. महिन्याभरात घ्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. माझा मालक त्या रात्री जेवला नाही म्हणे. चाळीस वर्षं ऐरण एकाच जागी होती, खाली फरशीला खळगा पडला होता. सकाळी आत्या आली आणि पाटावर रुमाल ठेवला. दोन रुमाल.

"घे. आज भाव कधी नव्हता इतका आहे. विक, आणि खोली घे."

"अगं हे तुझ्या म्हातारपणाचं आहे."

"मी म्हातारीच आहे, दादा. आता नाही तर कधी?"

सोन्याचा घाऊक व्यापारी आला. जाडसर, सतत घाम पुसणारा, पण धंद्यात चोख. त्याने सोबत यंत्र आणलं होतं, छोट्या भाताच्या कुकरएवढं. त्यात बिस्कीट ठेवलं की पडद्यावर आकडा. पाचही वेळा उत्तम आकडा आला. मी त्या यंत्राकडे आदराने पाहत होतो. पण त्याची ती निळसर उजेडाची नजरही कातडीशीच थांबत होती. आम्ही दोघं भाऊच निघालो की!

व्यापाऱ्याने घाम पुसला. "मी एरवी कापून बघतो. पण तुमच्याकडचं म्हणजे... तुम्ही पारखलंय ना? मग झालं."

टीव्हीवर भाव सरकत होता.

एक 'हो', मित्रांनो. एवढंच म्हणायचं होतं. खोली वाचली असती. आणि मालकाला तेव्हा कसलाही संशय नव्हता, हे मी शपथेवर सांगतो.

"नाही," मालक म्हणाला. "वरवर पारखलंय. घरचं म्हणून कापलं नाही."

आत्याचा चेहरा उतरला. "दादा! माझ्यावर संशय?"

"तुझ्यावर नाही गं. सोन्यावर. यांनी माझा शब्द मागितलाय, आणि तेवढा शब्द माझ्याकडे नाहीये."

आत्या उठली, रुमाल सोडला, बँकेचा शिक्का असलेलं बिस्कीट ऐरणीवर आपटलं. "मग आधी हे काप! खोटं निघालं तर हेच निघेल!"

मालकाने छन्नी ठेवली, हातोडा मारला. छन्नी लोण्यात गेल्यासारखी गेली. आत पिवळं. अगदी मध्यापर्यंत पिवळं, ओलं वाटावं इतकं.

"हं," आत्या म्हणाली. खूप नाराज होऊन.

दुसरं बिस्कीट. हातोडा पडला. छन्नी घसरली. मालकाने परत मारला. टण्णकन आवाज झाला आणि छन्नीच्या धारेला खाच पडली. पिवळी साल उलटून आली होती. खाली राखाडी.

मुलगीच आधी बोलली. "टंगस्टन. बल्बच्या तारेत असतो तो. सोन्याइतकाच जड. वजनालाही कळत नाही."

तिसरं राखाडी. चौथं राखाडी. पाचव्यासाठी मालकाने हातोडा उचललाच नाही. आत्याने त्याच्या हातातून घेतला आणि स्वतः मारला. राखाडी.

ती स्टुलावर बसली. मग हळूच म्हणाली, "त्याने बँकेला शिव्या दिल्या ना, म्हणून मी त्याला काहीच विचारलं नाही."

मुलीने मोबाइल काढला. "माझे शेअर विकते." पण बाजार त्या आठवड्यात लालेलाल होता, आणि सगळे विकूनही खोलीचं दारसुद्धा आलं नसतं. मालकाने तिचा मोबाइल पालथा ठेवला.

व्यापारी उठला. जाताना दारात थांबून म्हणाला, "तुम्ही 'हो' म्हणाला असतात तर मी बुडालो असतो. आणि मला वर्षभर कळलंही नसतं." मग परत घाम पुसला आणि गेला. आपला माणूस पुन्हा कधी दिसला नाही. पोलिसांत तक्रार आहे, ती तिथेच आहे.

मी आयुष्यात पुष्कळ सोनं पाहिलं, मित्रांनो. पण त्या दिवशी मी पहिल्यांदा असं काही पाहिलं, जे कितीही खोल कापलं तरी आत तेच निघालं. ते ऐरणीच्या अलीकडे बसलं होतं, 'तेवढा शब्द माझ्याकडे नाहीये' म्हणालं होतं, आणि त्याला गुडघेदुखी होती.

खोली गेली. ऐरण उचलायला चार माणसं लागली. आता आम्ही आत्याच्या घरच्या पुढच्या खोलीत बसतो. आधी गिऱ्हाईक कमी झालं, मग त्या व्यापाऱ्याने कुठे कुठे काय सांगितलं कोण जाणे, वाढलं.

परवा एक बाई आल्या. पदराआडून बिस्कीट काढलं. "कापू नका हं," म्हणाल्या. "ज्याच्याकडून घेतलंय, त्याच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे."

मालक कानस हातात धरून बसला. विणता विणता आत्या म्हणाली, "बाई, विश्वास आहे ना?"

"आहे की!"

"मग घाबरता कशाला? कापू द्या."

बाई जरा घुटमळल्या. मग मान हलवली. मालकाने कोपरा कापला, आतली कड माझ्यावर ओढली, तेजाब सोडलं. रेघ टिकली. खोलवरच्या, कधीच उजेड न पाहिलेल्या सोन्याची रेघ. बाई रडायलाच लागल्या, आणि आत्याने त्यांना पाणी दिलं.

तर मित्रांनो, माझी एक विनवणी आहे. मला पुसून ठेवा, तेलाचं बोट लावा, जुन्या रेघा राहू देऊ नका, नाहीतर मी गोंधळतो. आणि कोणी तुमच्या मनातलंच बोलू लागलं, तुमच्याच शत्रूला शिव्या देऊ लागलं, तर त्याला चहा जरूर द्या. पण कानस जवळ ठेवा.