तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी

विश्वजित माझा विद्यार्थी. सातवीत त्यानं गणिताच्या पेपरात पुढच्या पोराची उत्तरं उतरवली आणि घाईघाईत वर नावही त्या पोराचंच लिहिलं. अशा माणसाचं पुढं काय होणार, हे आम्हा शिक्षकांना कळायला हवं होतं. तो आता सांगलीत घरांची एजंटगिरी करतो आणि लोक त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात.

हा विश्वास तो कसा कमावतो ते मी आमच्या फाटकात उभी राहून पुष्कळदा बघितलंय. गिऱ्हाईक बाई असली की तो आधी तिचं माहेर विचारतो. गाव कुठलंही असो, त्या गावात त्याची आजी निघते. झाली ती बाई त्याची आत्ती! रिकाम्या घरात शिरताना दारात चपला काढतो, जणू देऊळच. आमच्या जैनांच्या घरी सूर्य मावळल्यावर आला तर पाण्याचा घोटही नको म्हणतो, आणि मग कोपऱ्यावर उभा राहून भडंगाचा बकाणा भरतो. पण खरी हुशारी पुढंच आहे. घरातली बारीक खोट तो आपणहून दाखवतो. "ही कडी नीट बसत न्हाई बगा. आदीच सांगतो, मागनं बोल नको." ऐकणाऱ्याला वाटतं, केवढा सरळ माणूस. कडीचं खरं सांगणारा भिंतीचं खोटं कशाला सांगेल?

भिंतीचं खोटं म्हणजे पुराचं. एकोणीस साली आमच्या गल्लीत छातीच्या वर पाणी होतं, एकवीस साली कमरेइतकं. शेजारच्या बंद घराच्या भिंतींवर त्याची पिवळी रेघ होती. विश्वजितनं तिच्यावर रंगाचे तीन हात मारले.

गल्ली तर त्याहून निर्लज्ज. इथल्या प्रत्येकाला घर विकून विश्रामबागेत जायचंय, जिथं पाणी येत नाही. त्यामुळे कुणी न ठरवता एक नियम झालाय: गिऱ्हाईक गल्लीत असेपर्यंत पुराचा विषय काढायचा नाही. एकाचं घर गेलं की दुसऱ्याचा नंबर लागतो ना. आणि मी नाक मुरडून हे सांगतेय खरी, पण आमचंही घर विश्वजितकडेच विकायला होतं.

एप्रिलच्या अखेरीस तो कवठे महांकाळकडच्या रंगुबाईला आणि तिच्या मुलाला, मल्हारला, शेजारचं घर दाखवायला घेऊन आला. मल्हार नुकताच पलटणीतून निवृत्त होऊन आलेला. रंगुबाईचं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, म्हणून त्यांना जमिनीलगतचंच घर हवं होतं. शेजारचं घर तसंच. वर नुसती गच्ची, आणि तिला लोखंडी शिडी.

मल्हारनं पहिल्याच दिवशी पुराचं विचारलं. टीव्हीवर सगळ्यांसारखंच त्यानंही बघितलं होतं.

"आलं हुतं की पाणी," विश्वजित म्हणाला. "खोटं कशाला सांगू? तिसऱ्या पायरीपातूर आलं आन थांबलं. ह्या बाईंनी मला शिकवलंय, त्या काय खोटं बोलत न्हाईत. इचारा त्यास्नी."

दोघांनी दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "उन्हातून आलात, चहा टाकते."

रंगुबाई तोवर स्वयंपाकघरातला नळ सोडून त्याखाली हात धरून उभी होती. बंद करायचं तिच्या मनातच येईना. तिच्या गावात टँकर चार दिवसांनी यायचा. नदी घराच्या पायरीपर्यंत येते हे ऐकून ती घाबरली नाही, उलट हरखली. "आमी पान्यामागं जलमभर हिंडलो बाई," ती मला म्हणाली, "आन हितं गंगा आपल्या पायांनी दारात येती. लय नशीब लागतंय." मी कपबशा गोळा केल्या.

दुसऱ्या खेपेला विश्वजितनं आरेवाडीच्या बिरोबाचा भंडारा आणला आणि "आत्ती, तुमच्या हातानं" म्हणत तिच्याकडून चौकटीला लावून घेतला. घर अजून तिचं झालं नव्हतं, पण चौकट झाली. तेव्हाही मी चहाच दिला.

तिसऱ्या खेपेला ती दोघं इसार द्यायला आली. विश्वजितला यायला वेळ होता, म्हणून आमच्याकडं बसली. मल्हारला पुण्याला रखवालदाराची नोकरी लागली होती. महिन्यातून एकदा येईन म्हणाला.

"मग इथं कोण राहणार?" मी विचारलं.

"मी की," रंगुबाई म्हणाली. "एकटीच. हितं खिडकीखाली खाट टाकायची आन नदीचा वारा खात पडायचं."

एकोणीस साली पाणी दुपारी गल्लीच्या तोंडाशी होतं आणि दिवे लागायच्या आत घरात शिरलं होतं. आम्ही धडधाकट माणसं गच्चीवर धावलो म्हणून वाचलो.

"रंगुबाई," मी म्हणाले, "तिसरी पायरी खोटं आहे. पाणी इथवर होतं." मी गळ्याखाली हात ठेवला. "आम्हाला गच्चीवरून होडीत उतरवून घेतलं. तुम्हाला ती शिडी चढता यायची नाही. हे घर घेऊ नका."

रंगुबाईनं मल्हारकडं बघितलं. मल्हार खाली बघून हसला. आतल्या खोलीत आमचे हे, जिनदत्त, मोठ्यानं खाकरले.

"विश्वजितनं मागल्या खेपंलाच सांगितलं हुतं," रंगुबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, कीव होती. "म्हनला, आत्ती, शेजारच्या बाई पुराचं भ्या घालतील बगा. त्यांच्या भाच्याला घ्यायचंय ह्ये घर."

"अहो, मला भाचाच नाही."

"न्हाई कसा? समद्यांस्नी भाचं असत्यात."

"कुणालाही विचारा. गल्लीत विचारा."

"इचारलं की," मल्हार म्हणाला. "तीन घरी इचारलं. समदी तिसरी पायरीच म्हनत्यात."

मी बिरोबाची, महावीराची, सगळ्यांची शपथ घ्यायला तयार होते. रंगुबाईनं माझा हात धरून मला थांबवलं.

"खरं असतं तर तुमी पयल्याच दिशी बोलला असता बाई. तुमी मास्तरीन. दोनदा चा पाजला, दोनदा गप बसलासा, आन आज इसार द्यायच्या टायमाला आठवलं व्हय?"

पहिल्या दिवशी बोलले असते तर तिनं ऐकलं असतं, कारण तोवर भाचा जन्मलाच नव्हता.

व्यवहार त्याच दुपारी झाला. संध्याकाळी विश्वजित पेढे घेऊन आला. मला वाटलं भांडायला आलाय. त्यानं वाकून माझ्या पायाला हात लावला.

"लय उपकार झाले बाई. मल्हारचं मन जरा मागंफुडं हुतं. तुमी बोललासा आन दोगांची खात्रीच पटली. मी सांगितलेलं शब्दाशब्दानं खरं निघालं न्हवं का!"

"म्हातारी बुडेल रे," मी म्हणाले. "लाज वाटत नाही?"

"दरसाल थोडाच येतोय पूर?" पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवत तो म्हणाला. मग खुर्ची ओढून बसला. "आता तुमचं. जतकडचं एक जोडपं हाय, आईबापास्नी घेऊन राहनार हाईत. उद्या दुपारी आणू?"

त्याच्या थोबाडीत द्यायला हवी होती. सातवीत द्यायची राहिली होती, ती तरी. आत जिनदत्त माझ्याच उत्तराची वाट बघत होते.

"दुपारी नको," मी म्हणाले. "दुपारी घर अंधारं दिसतं. सकाळी आण."