शेवंती सिस्टरच्या नावाने

मी एक जुना संगणक आहे. परळच्या एका रुग्णालयात, जिन्याखालच्या खोलीत, सलाइनच्या मोडक्या स्टँडांशेजारी पडून आहे. माझ्या पाठीवर खडूने ‘भंगार’ असं लिहिलं आहे. मित्रांनो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार दुसऱ्याच गोष्टीची आहे. ती ऐकायला या खोलीत कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

मी आलो तो थर्माकोलच्या कुशीत बसून, टेम्पोतून. संगणक विभागातल्या जयवंतने मला बायकांच्या वॉर्डात, सिस्टरांच्या टेबलावर मांडलं. औषधं मागवणं, रिपोर्ट बघणं, मेल पाठवणं, सगळं माझ्यामार्फत होऊ लागलं. जाडजूड रजिस्टरं कपाटात गेली. येणारा जाणारा माझ्या डोक्यावर कौतुकाने थाप मारायचा.

त्या वॉर्डाच्या प्रमुख होत्या शेवंती घाडीगावकर. सगळे त्यांना शेवंती सिस्टर म्हणत. लालबागच्या चाळीत वाढलेल्या, वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर. दसऱ्याला वडील साच्याला झेंडूची माळ घालत, म्हणून सिस्टर मला घालत.

“अहो सिस्टर, वायरीत पाणी जाईल!” जयवंत ओरडायचा.

“पाणी कुठे शिंपडतेय? नुसती माळ आहे. राबतो ना तो?”

राबतो, एवढं माझ्याबद्दल त्यांच्याशिवाय कुणी म्हटलेलं मला आठवत नाही.

नियम असा होता की प्रत्येकाने आपापलं नाव आणि पासवर्ड टाकून मला उघडायचं. पण नवी सिस्टर रुजू झाली की तिचं नाव माझ्यात चढायला महिने लागत. विचारलं की जयवंत म्हणायचा, “अर्ज वर गेलाय.” तोवर रुग्णांना थांबवणार कसं? म्हणून सकाळी शेवंती सिस्टर आल्या की आपल्या नावाने मला उघडत आणि उघडाच ठेवत. त्यांचा पासवर्ड म्हणजे त्यांच्या मुलीचं नाव आणि पुढे तिचं जन्मसाल. मध्येच मी बंद झालो की कुणीतरी हाक मारायचं, “सिस्टर, गेला हो हा!” आणि वॉर्डाच्या त्या टोकाकडून, कुणाला तरी सुई टोचता टोचता उत्तर यायचं, “सीमा टाक गं!”

जयवंतने एकदा हटकलं. “पासवर्ड म्हणजे घराची किल्ली, सिस्टर. अशी वाटत सुटतात का?”

“आमच्या चाळीत दिवसा दार लावलं, तर शेजारीण विचारायला येते, बरं नाही का म्हणून,” सिस्टर हसल्या. “आणि ही पोरं काय चोर आहेत?”

संगणक, मेल आणि इंटरनेट कसं वापरावं याचा एक कागद रुग्णालयाने सगळ्यांना वाटला होता. पासवर्ड कुणाला देणार नाही, आपल्या नावाने झालेल्या प्रत्येक कामाला आपणच जबाबदार, असं त्यात होतं. तो आला नेमका जेवणाच्या सुट्टीत. सिस्टरांनी सोलकढीचा हात पुसला आणि सही केली. बाकीच्यांनीही केली. वाचला कुणीच नाही.

वॉर्डात डॉक्टर अनिमेष नावाचे एक शिकाऊ डॉक्टर होते. हुशार, पण सदा घाईत. दादरच्या एका शाळेतल्या बाई क्षयाने आजारी होऊन आल्या होत्या. त्यांचा रिपोर्ट अनिमेषना आपल्या वरिष्ठांना दाखवायचा होता. माझ्यावर सिस्टरांची मेल उघडी होती. स्वतःची उघडायला वेळ लागला असता. त्यांनी सिस्टरांच्याच मेलमधून रिपोर्ट धाडला, आणि वरिष्ठांच्या नावाऐवजी त्याखालच्या ‘सर्व कर्मचारी’वर बोट दाबलं.

रिपोर्ट एका मोबाइलवरून दुसऱ्यावर फिरत बाईंच्या शाळेत पोचला. पालक म्हणाले, या बाई आमच्या मुलांना नकोत. बाईंनी रुग्णालयाकडे तक्रार केली. त्यांची काही चूक नव्हती.

चौकशी झाली. हे कुणी पाठवलं, असं मला विचारण्यात आलं. माझ्यात फक्त नावाची नोंद होते, हाताची होत नाही. मी नाव दाखवलं : शेवंती घाडीगावकर.

“सांगा ना त्याचं नाव, सिस्टर,” वॉर्डातल्या आया रमाबाई चिडून म्हणाल्या. “आमाला काय दिसत नाय?”

“परीक्षा तोंडावर आलीय त्याची. येईल, स्वतः सांगेल. पोरगं वाईट नाही, रमाबाई.”

पोरगं आलं नाही. चौकशीत ते म्हणालं, “मला आठवत नाही.” आणि आम्ही आपापल्याच नावाने काम करतो, दुसऱ्याचं नाव वापरत नाही, असं वॉर्डातल्या सगळ्यांनी लिहून दिलं. रमाबाईंना कुणी विचारलंच नाही. निवृत्ती जवळ आली असताना शेवंती सिस्टर नोकरी जाऊन घरी बसल्या. त्या वर्षी दसऱ्याला मला माळ नव्हती.

त्यांची मेल जयवंतने बंद केली. पण वॉर्डाची औषधं मागवण्याची सोय त्यांच्याच नावावर चालू ठेवली, कारण नव्या नावांचे अर्ज अजून वरच होते. पुढे एके दिवशी बातमी आली, सिस्टर गेल्या. हृदयविकार म्हणे. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मग कुणाला तरी इंजेक्शन मागवायचं होतं, आणि मी बंद पडलो होतो.

“सीमा टाक गं,” कुणीतरी हळूच म्हणालं.

महिन्याभराने सीमा खरीच आली. आईच्या कपाटातलं सामान न्यायला. स्वेटर, चपला, स्टीलचा डबा. “पाणी पी, बाय,” रमाबाई म्हणाल्या. ती माझ्यासमोरच पाणी पीत उभी होती, तेवढ्यात डॉक्टर अनिमेष लगबगीने आले. त्यांनी तिला ओळखलं नाही. सवयीने खटाखट अक्षरं दाबली. माझ्या पडद्यावर आलं : ‘नमस्कार, शेवंती घाडीगावकर.’ आणि त्याखाली : ‘याआधी आपण आज सकाळी आला होता.’

सीमाने पेला खाली ठेवला.

“तुम्ही शेवंती घाडीगावकर का?”

“छे हो,” ते हसले. “इथे असंच चालतं. सगळे हेच टाकतात.”

“काय टाकतात?”

“सीमा, आणि पुढे...” तिच्या हातातल्या सिस्टरांच्या स्वेटरकडे पाहून ते थांबले.

“मीच सीमा,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “आई जाऊन महिना झाला. आज सकाळी कोण आलं होतं?”

एका सिस्टरने पुढे होऊन माझा पडदा बंद केला.

“आता तरी तोंड उघडा रे कुणीतरी,” रमाबाई म्हणाल्या.

“मला राउंड आहे,” असं म्हणून डॉक्टर निघून गेले.

सीमाने रुग्णालयाला लिहिलं. चौकशी पूर्ण झाली असून विषय संपला आहे, असं उत्तर आलं. महिनोन्‌महिने वर अडकलेले अर्ज मात्र त्याच आठवड्यात खाली आले. प्रत्येकाला आपापलं नाव मिळालं. शेवंती सिस्टरांचं नाव माझ्यातून पुसलं, मग मलाही उचलून इथे आणलं.

मित्रांनो, पासवर्ड कुणालाही देऊ नका. मोठी माणसं हे सांगतात आणि ते बरोबरच आहे. शेवंती सिस्टर चुकल्या. पण कुणी विश्वासाने दार उघडं ठेवलं आणि आत तुमच्या हातून काही फुटलं, तर ‘मी फोडलं’ एवढं म्हणा. वेळेवर म्हणा. माणूस गेल्यावर दोन मिनिटं उभं राहून ते भरून निघत नाही.

माझ्या पाठीवरचा शब्द खडूचा आहे, ओल्या फडक्याने निघेल. चौकशीच्या कागदावर शेवंती सिस्टरांच्या नावापुढे ‘दोषी’ असं लिहिलं आहे. ते शाईने लिहिलेलं आहे, आणि अजून तसंच आहे.