डावा हात कोणाचा

रबरी हातावर ब्रश फिरवायची आपली नोकरी आहे, हे ती सहसा कुणाला सांगत नसे. सांगितलं की लोक खो खो हसत. पण मेंदूच्या प्रयोगशाळेत गेली सहा वर्षं ती हेच करत होती. माणसाला टेबलाशी बसवायचं, त्याचा खरा डावा हात पडद्याआड ठेवायचा, समोर रबरी हात मांडायचा आणि दोन्हींवर एकाच लयीत ब्रश फिरवायचा. दोन मिनिटांत भल्याभल्यांना रबरी हात आपला वाटायला लागतो. मग ती त्यावर हातोडी उगारते आणि माणूस किंचाळतो. झाला प्रयोग!

घरी नेमकं उलटं चाललं होतं. तीन महिन्यांपूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका आला, आणि तेव्हापासून ती स्वतःच्या डाव्या हाताकडे बघून म्हणायची, "हा माझा नाही. ताईचा आहे." ताई म्हणजे मावशी, तिला जाऊन नऊ वर्षं झालेली! व्यायामाचं नाव काढलं की आईचं ठरलेलं, "दुसऱ्याच्या हाताला कशाला त्रास द्यायचा?" सकाळीच फिजिओथेरपीच्या बाईंनी बजावलं होतं, या महिन्यात हात हलला नाही तर तो गेलाच समजा. त्या गेल्यावर ही आईवर खेकसली, "तुझाच आहे तो, तुझाच! खांद्यापासून बघ की जरा!" आईनं बघितलं आणि तोंड फिरवलं. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं हिला.

आणि अशा तापल्या डोक्यानं कामावर यावं, तर समोर भंते. वीस वर्षं ध्यान केलेल्या भिक्खूला रबरी हात फसवतो का, हे तिच्या साहेबांना बघायचं होतं. ब्रश झाला, हातोडी झाली. भंते दचकले आणि आपल्याच दचकण्याला हसले. मग तिनं प्रश्नावली काढली.

"रबरी हात तुमचा वाटला? एक ते सातमध्ये सांगा."

"सहा. आणि खऱ्या हाताचं कुठं लिहिणार?"

"त्याचं काय लिहायचंय?"

"तो किती माझा वाटतो, ते."

"भंते, खरा हात तुमचाच असतो. तसा प्रश्नच नाही यात."

"पण तुमचे साहेबच मघाशी म्हणाले, 'माझा' असं वाटणं ही मेंदूची करामत. आम्हीही तेच म्हणत आलोय. मग चौकशी एकाच हाताची का?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी एक, इथं दुसरे! "तुमचा नाही ना? मग धुता कशाला रोज? नखं कापता कशाला?" आवाज शेजारच्या खोलीपर्यंत गेला.

भंतेंनी दोन्ही हात शांतपणे उलटेसुलटे करून बघितले. "मळतो म्हणून धुतो. त्यासाठी तो माझा असावा लागतो कुठं?"

तिनं रागानंच फॉर्म मिटला. पण बसमध्ये ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

संध्याकाळी तिनं कोमट पाण्याचं भांडं आणि नेलकटर घेऊन आईपुढं बैठक मारली. दात आवळून म्हणाली, "मावशीची नखं वाढलीत."

"अगं, मी कधीची बघतेय!" आई एकदम सरसावली. "ताईला नाही खपायची अशी नखं." आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा आईनं उजव्या हातानं तो डावा हात उचलून मांडीवर घेतला.

मुलीनं नखं कापली. एकेक बोट उलगडून धुतलं. मग आपलं बोट त्या तळहातात ठेवून म्हणाली, "मावशीला मूठ मिटायला सांग ना. तुझं ऐकेल ती."

"ऐकेल? जन्मात ऐकलं नाही तिनं माझं." आईनं हाताला दरडावलं, "ताई, पोर थांबलीये. धर की!"

काहीच झालं नाही. आई पुन्हा ओरडली. मग करंगळी हलली, आणि मागोमाग बाकीची बोटं हळूहळू मुलीच्या बोटाभोवती मिटली.

"ओळखलं बघ तुला ताईनं," आई म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

तुझाच आहे गं तो, हे अगदी जिभेवर आलं होतं. ते मुलीनं गिळलं.

"मावशी," ती म्हणाली, "अजून थोडं घट्ट धर."