विष ओढणारी थाळी

चावडीपुढच्या लिंबाखाली मुंगीला शिरायला वाट उरली नव्हती. दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसे घमेली टाकून धावली होती. मधोमध कारभारीची लेक चांगुणा ओणवी बसली होती. पोटरीवर कुत्र्याच्या दातांच्या ताज्या खुणा, आणि उघड्या पाठीवर काशाची थाळी. ती कुणी धरली नव्हती, बांधली नव्हती. तरी त्या इवल्याशा पाठीला ती गोचिडीसारखी चिकटून होती.

"बघून घ्या!" छगन भगत गरजला. कमरेला पंचा, वर उघडे अंग, घामाने निथळणारे. "रगतातलं विष वडाया लागली माझी थाळी. पोट भरलं की आपसूक गळंल. नगरचा डाक्टर पोटात चौदा सुया खुपसतो अन् वर म्हनतो, बघू! आमची थाळी बघू म्हनत न्हाई."

माणसे हसली. भगताने आणखी एक तांब्या पाणी पुटपुटून पोरीच्या पाठीवर शिंपडले. ज्या गावात घोटासाठी बाया कोसभर चालत होत्या, तिथे ते पाणी मातीत जिरताना कुणाचा जीव हळहळला नाही.

गर्दीच्या कडेला लंकाबाई उभी होती. कडेलाच, कारण जवळ उभे राहिले की बाया सरकत. मागच्या पोळ्याच्या सुमारास तिचा नवरा सहादेव याच जागी असाच ओणवा बसला होता. थाळी पडली, विष उतरले, सहादेव कामाला गेला. दिवाळी सरली आणि एका सकाळी पाण्याचा तांब्या ओठाशी नेताच त्याचा गळा आवळला. सारे गाव पाण्यासाठी तडफडत असताना तो एकटा पाण्याला भिऊन कोपऱ्यात दडू लागला. भगताने पुन्हा थाळी लावली. ती पुन्हा चिकटली.

"दुसऱ्यांदा चिकटली म्हंजी विष मस्तकात चढलं," भगताने सांगितले. "आता ह्यो मानूस न्हाई. बांधा त्येला."

रिकाम्या गोठ्यात, विकलेल्या बैलाच्या दाव्याने त्याला बांधले. तो तसाच गेला. भगत म्हणाला, "बाईनं पथ्य मोडलं. वांगं खाऊ घातलं." लंकाबाईने खरोखरच वांगे केले होते, घरात दुसरे काही नव्हते.

एवढेच एक तिने शाळेच्या फक्रुद्दीन मास्तरांना विचारले होते: "मास्तर, माझ्या वांग्यानं गेलं का हो ते?" मास्तरांनी सदरा काढला, तिच्या घरातली जेवायची ॲल्युमिनियमची थाळी तळाशी ओली केली आणि स्वतःच्या पाठीला लावायला सांगितली. थाळी चिकटली. "मला कुत्रं कधी चावलेलं नाही, लंकाबाई," ते म्हणाले. त्या दिवसापासून तिला धड झोप नव्हती.

खण्णकन थाळी मातीत पडली.

"उतरलं!" भगताने हात उंचावले. कारभारीने त्याच्या पायांवर डोके ठेवले.

"कारभारी, ऐक," मास्तर गर्दीतून वाट काढत आले. "कुत्रं लाळ गाळत फिरत होतं, तू स्वतः पाहिलंस. हिवरे बाजाराकडून एसटी आता येईल. पोरीला नगरला ने."

"थाळी पडली की, मास्तर! आता कशापायी सुया टोचू तिला?"

"मास्तरला शाळेत पोरं न्हाईत, म्हनून आमची पळवतोय," कुणीतरी म्हणाले आणि पुन्हा हशा उसळला.

लंकाबाई घरी गेली आणि आली. तोवर भगत आपली थाळी उचलायला वाकला होता. तिने पदराआडची ओली थाळी काढून त्याच्या घामट पाठीवर दाबली आणि हात सोडला.

थाळी तशीच राहिली.

हशा थांबला. भगताचा चेहरा क्षणभर फिका पडला. पण जीभ तयारीची होती. "चिकटनारच! पोरीचं विष म्या माझ्या अंगावर घेतलंय. लोकांसाठी झिजतो मी!"

म्हाताऱ्यांनी हात जोडले. थोड्या वेळाने ती थाळीही पडली. "बघा, जिरवलं!" भगत म्हणाला.

"आनिक एकदा लावते," लंकाबाई म्हणाली.

"कशाला गं, अवदसे?"

"लावू दे की, भगत," एक म्हातारा म्हणाला. "जिरलंय न्हवं?"

तिने थाळी ओली केली आणि लावली. थाळी चिकटली.

"दुसऱ्यांदा चिकटली," लंकाबाई शांतपणे म्हणाली. "आता सांगा, दुसऱ्यांदा चिकटली म्हंजी काय?"

पुढची रांग मागे सरकली. आयांनी लेकरे पोटाशी ओढली. सहादेवाला ज्यांनी बांधले होते, तेच दोघे दावे घेऊन पुढे आले.

"आरं, मला काय बी झालं न्हाई!"

"सहादेव बी ह्येच म्हनत हुता," त्यातला एक म्हणाला आणि गाठ आवळली.

भगताला लिंबाच्या बुंध्याशी जखडले. कुणी लांबूनच काठीच्या टोकाला तांब्या अडकवून त्याच्या तोंडाशी नेला. तो घटाघटा प्यायला.

"पितोय की रं!"

"सुरवातीला पित्यात."

"चावंल! त्वांड बांधा त्येचं!"

फडके जवळ येताना दिसले आणि भगत किंचाळला, "चिकटती! वल्ल्या पाठीला कुनाची बी थाळी चिकटती! बानं शिकवलं मला. विष-बिष काय न्हाई त्यात!"

फडके धरलेला हात खाली आला.

"मग माझा मालक कशानं गेला?" लंकाबाईने विचारले.

भगताने मान खाली घातली. "सुया टोचल्या न्हाईत म्हनून."

"अन् वांगं?"

"वांग्याचं काय न्हाई."

मास्तरांनी थाळी उचलून कारभारीपुढे धरली. "तळ सपाट आणि पाठ ओली असली की मधली हवा निघून जाते. पाण्याचा पातळ पापुद्रा धरून ठेवतो, बाहेरची हवा दाबून ठेवते. पाणी ओघळलं, कडेनं हवा शिरली की थाळी पडते. चावलेल्याच्या पाठीवरून पडते, न चावलेल्याच्याही. भगतानं थाळी लावलेली जी माणसं वाचली, ती त्यांना चावलेली कुत्री पिसाळलेली नव्हती म्हणून."

खालच्या वळणावर एसटीचा भोंगा वाजला. कारभारीने पोरीला खांद्यावर टाकले आणि तो ऊर फुटेस्तोवर धावत सुटला.

"आता सोडावं ह्येला," कुणी पुटपुटले.

"एसटी जाऊ द्या आधी," लंकाबाई म्हणाली. धुरळा दिसेनासा झाला तरी तिने होकाराची मान हलवली नाही, आणि तिला विचारल्याशिवाय गाठीला हात लावायचे धाडस कुणाला झाले नाही.

चांगुणा रडत, ओरडत, पण साऱ्या सुया घेऊन परतली. ती जगली.

वाचकहो, थाळी जेवायला असते. कुत्रे चावले तर जखम साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. जो चमत्कार दाखवील, त्याला तोच चमत्कार धडधाकट माणसावर करून दाखवायला सांगा. विचारायला पैसा लागत नाही. न विचारण्याची किंमत मात्र दुसऱ्याच्याच घरातून वसूल होते.

सहादेवाला कुत्रे चावले त्या दिवशीही एसटी आली होती. लिंबाखाली गर्दी पाहून चालकाने दोनदा भोंगा वाजवला, थोडा थांबला, आणि अर्धी रिकामी गाडी घेऊन नगरला निघून गेला.