डावीकडचं भूत

आनंदरावांच्या घरात भूत आहे, हे सगळ्यांत आधी त्यांच्या बायकोनं जाहीर केलं, आणि तेही सकाळी उन्हात, पोहे खाता खाता. बशीतले अर्धे पोहे कुणीतरी पळवले म्हणून लताबाई रुसल्या होत्या. पोहे कुठं जाणार? बशीच्या डाव्या अंगाला शेंगदाण्यांसकट तस्सेच पडलेले होते. आनंदरावांनी बशी फिरवली, तसे ते लताबाईंना दिसले. "बघा," त्या म्हणाल्या, "नेतंय बी आन् आनून बी ठेवतंय."

होळीच्या सुमारास लताबाईंना झटका आला. डावा हात-पाय लुळा पडला होता, तो हळूहळू वळणावर येत होता. बोलणं शाबूत होतं, जीभ तर आधीपेक्षा तिखट झाली होती. पण डावी बाजू म्हणून जगात काही असते, हेच त्यांचं डोकं विसरून गेलं. पुण्याच्या डॉक्टरांनी आनंदरावांना समोर बसवून समजावलं होतं, की डोळे ठणठणीत आहेत, मेंदूच त्या बाजूची दखल घेत नाही. आनंदरावांनी मान डोलावली. आणि तिला घेऊन ते भोरला घरी आले.

आता अशा माणसाचं घरात काय होणार सांगा. डावीकडून कुणी बोललं की लताबाईंना आवाज यायचा, माणूस दिसायचा नाही. अंथरुणात स्वतःचाच डावा हात लागला की 'हितं कुणाचा हात पडलाय' म्हणून त्या किंचाळायच्या. टीव्हीवरची अर्धी माणसं न दिसताच भांडायची, म्हणून टीव्ही बंद करून टाकावा लागला. दोघांनी हौसेनं बांधलेलं दोन खोल्यांचं घर, त्यात भूत शिरायला जागाच नव्हती, पण लताबाईंच्या लेखी अर्धं घर त्यानंच बळकावलं होतं.

व्यायाम घ्यायला येणाऱ्या प्रेरणानं एक नियम घालून दिला होता. सगळ्यांनी लताबाईंच्या डाव्या हाताला बसायचं आणि तिकडूनच बोलायचं, म्हणजे आज ना उद्या मान वळेल. आनंदराव भोरच्या एसटी स्टँडवर गाड्या पुकारण्यात म्हातारे झालेले. त्यांना बोलायला सांगणं म्हणजे नदीला वाहायला सांगणं. "लता, डावीकडं बघ" ही हाळी दिवसभर सुरू झाली. लताबाई म्हणायच्या, बघतेय की. आणि बघायच्या उजवीकडंच.

सगळ्यांत वाईट गत झाली अजीजुन्निसाची. ती शेजारची. दोघी एकाच वर्षी या आळीत सुना म्हणून आल्या, तेव्हापासूनची मैत्री. दुपारची कामं उरकली की ती रोज यायची, डावीकडच्या खुर्चीवर बसायची, बाजारातलं, माहेरचं, सगळं सांगायची. आणि लताबाई उजवीकडच्या भिंतीकडं बघत आनंदरावांना म्हणायच्या, "अजीजुन एकदा बी फिरकली न्हाई. नुसता तिचा आवाज येतो, भुताटकीवानी. पडल्या मान्साला कोन इचारतं?" हे सगळं अजीजुन्निसाच्या देखत. ती पदरानं डोळे टिपायची. आनंदरावांना बघवेना. एकदा त्यांनी तिला विनवलं, की वहिनी, जाऊ द्या तो नियम, उजवीकडं बसा. ती म्हणाली, तिकडं बसले तर ही जन्मात वळायची नाही. रुसली तर रुसू दे, नंतर बघून घेईन.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण लताबाईंनी हट्टच धरला, की मला उत्रोलीला दादाकडं सोडा, या घरात कुणाची तरी वस्ती हाय. भावाला फोनही लावून झाला. तो रविवारी गाडी घेऊन येणार असं ठरलं. आनंदरावांचा जीव कासावीस झाला. हक्काच्या घराला घाबरून बायको माहेरी निघालेली, आणि आपण तिला एक शब्दानंही पटवू शकत नाही, याची त्यांना लाजही वाटत होती आणि रडूही येत होतं.

अजीजुन्निसाचा मुलगा सलीम लग्नाचे मांडव, स्पीकर, प्रोजेक्टर भाड्यानं देतो. शुक्रवारी तो म्हणाला, की काका, आवाजाची भीती वाटतेय ना काकूंना, मग बिनआवाजाचा पिच्चर दाखवू. शंभर वर्षांपूर्वीचा एक मुका पिच्चर त्यानं मोबाईलवर शोधला होता. त्यात एक भित्रा कारकून. मेलेल्या काकाच्या घरात त्याला एक रात्र काढायची असते, आणि त्याला पळवून लावायला कपाटातून पांढरी चादर पांघरलेलं भूत निघतं. भुताटकीचं घर बघून हसता येतं, एवढं जरी हिला कळलं तरी पुष्कळ झालं, असा आनंदरावांचा हिशेब.

दिवेलागणीला भिंतीवर पिच्चर लागला आणि पहिल्या दहा मिनिटांतच विचका झाला. ते मेलं कपाट नेमकं चित्राच्या डाव्या कोपऱ्यात! भूत तिथूनच यायचं, कारकुनाची टोपी उचलायचं आणि तिथंच गडप व्हायचं. सलीम हसून लोळत होता. लताबाईंना दिसत होता तो फक्त एकटाच थरथरणारा, बोबडी वळलेला माणूस. वर आनंदराव डावीकडून, सवयीप्रमाणे स्टँडवरच्या आवाजात, आता भूत आलं, आता भूत गेलं, असं पुकारत होते. लताबाई दचकून दचकून अर्ध्या झाल्या. शेवटी हळूच म्हणाल्या, "त्या बिचाऱ्याच्या घरात बी तेच हाय वो. त्याचं बी कुणी ऐकत न्हाई." आणि रडायला लागल्या. सलीमनं प्रोजेक्टर बंद केला.

शनिवारी दुपारी आनंदराव ओट्यावर डोकं धरून बसले होते. अजीजुन्निसा समोर उभी राहून त्यांना झापत होती, की पिच्चर मुका आणि तुम्ही बोलके, तुमचंच भूत तिच्या मानेवर बसलंय. आनंदरावांना ते लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं. बोलता बोलता विषय तंबूतल्या सिनेमावर गेला. सारोळ्याच्या जत्रेत तंबूच्या मधोमध पडदा असायचा, पडद्याच्या पुढं पुरुष, पडद्याच्या मागं बायका. लग्नानंतर पहिल्यांदा आनंदराव आणि लताबाई तिथं गेले, तेव्हा परतीच्या गाडीत दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. दरोडेखोर डावीकडून आला म्हणत होते आनंदराव, उजवीकडून आला म्हणत होत्या लताबाई. भोर येईपर्यंत दोघांनी हेका सोडला नाही. दोघांचंही बरोबर होतं, हे कळायला आठवडा गेला.

हे सांगता सांगताच आनंदराव गप्प झाले. असं कधी होत नाही, म्हणून अजीजुन्निसा त्यांच्याकडं बघायला लागली. मग ते उठले आणि कपाटातून पांढरी चादर काढायला आत गेले.

संध्याकाळी खोलीच्या मधोमध दोरीवर चादर टांगली. लताबाईंची खुर्ची चादरीच्या मागं. त्यांच्या डाव्या हाताला, नियमाप्रमाणे, अजीजुन्निसा. लताबाई आधी तयारच नव्हत्या, उद्या जायचंय, आता कशाला तो छळ, म्हणत होत्या. शेवटी, पुरुष पुढं बसतील आणि एक अक्षर बोलणार नाहीत, या बोलीवर त्या बसल्या. अजीजुन्निसानं आनंदरावांना दम भरला, तोंडातून शब्द निघाला तर बघा. ते सलीमच्या शेजारी चटईवर बसले आणि स्वतःच्याच हातानं त्यांनी तोंड दाबून धरलं.

कारकून आला. त्यानं मेणबत्ती लावली. आनंदरावांच्या डावीकडं कपाटाचं दार उघडलं, म्हणजे चादरीमागच्या उजवीकडं. भूत बाहेर आलं.

"अगं बाई," मागून आवाज आला. "आलं की त्याच्या मागनं."

भुतानं टोपी उचलली. मागून कुणीतरी खुदकन हसलं. भुताला स्वतःच्याच चादरीत पाय अडकून ठेच लागली, आणि मग लताबाई अशा हसल्या, की होळीपासून त्या घरानं तसलं हसू ऐकलं नव्हतं. "मानूसच हाय की रं ह्यो," त्या कारकुनाला सांगत होत्या. "भितोस काय, ओढ चादर!"

आता पुढं बसून राहणं आनंदरावांच्या हातात राहिलं नाही. उजेडाच्या खालून ते लहान पोरासारखे रांगत निघाले. सलीम त्यांचा सदरा ओढत होता, ते ऐकतात कुठले? चादरीच्या कडेला पोचून त्यांनी मान आत घातली.

पडद्यावर आता पळापळ चालली होती. पुढं कारकून, मागं भूत, कपाटापासून निघून पार पलीकडच्या खिडकीपर्यंत. लताबाईंची हनुवटी भुताच्या मागं मागं सरकत होती. मध्यावर आली. तिथंच ती रोज अडायची, प्रेरणानं किती हाका मारल्या तरी अडायची. आनंदरावांनी दात आवळले. 'लता, डावीकडं बघ' अगदी ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. भूत पुढं पळालं आणि हनुवटीही पुढं सरकली, आणखी थोडी, आणखी थोडी. खिडकीतून भूत धाडकन बाहेर पडलं. पडदा तिथं संपला होता, पण लताबाईंची मान थांबली नाही. भूत कुठं पडलं ते बघायला त्या तशाच वळत राहिल्या.

आणि त्यांना खुर्ची दिसली. खुर्चीत बसलेली बाई दिसली.

पडद्यावर काय चाललंय याची त्यांना शुद्धच नव्हती.

"अजीजुन," त्या म्हणाल्या. "तू कवा आलीस गं?"

होळीपासून रोज येणारी अजीजुन्निसा तोंडावर पदर घेऊन बसली होती. तिनं तो खाली केला. मग तिनं आवाज नीट लावला.

"आत्ताच," ती म्हणाली. "आत्ताच आले बघ."

"मग बस की," लताबाई म्हणाल्या. "आता जाऊ नगंस. मी बी हितंच हाय."