शिळे पाणी

मी एक रांजण आहे. माजलगावच्या हरिबा कुंभाराने सिंदफणा नदीच्या गाळातून मला घडवले. दिंद्रुडच्या बाजारातून तुळजाबाईंनी मला घरी आणले आणि पडवीच्या कोपऱ्यात अर्धा पुरले. पुढची तीस वर्षे त्या घराची तहान माझ्याजवळ होती.

माणसांच्या पुष्कळ चाली मी जवळून पाहिल्या. त्यांतली एक अशी, की ताजे पाणी भरण्याआधी कालचे ओतून द्यायचे. लोकांच्या मनात शिळेपण केवळ अन्नाला नसते, ते पाण्यालाही चिकटते. ज्या काळी आड काठोकाठ भरलेले असत, त्या काळी ही चाल शहाणपणाची असेल. भांडे रोज धुतले जाई. पुढे आड आटले, चाल मात्र आटली नाही.

दोन हजार सोळाचा एप्रिल होता. दूध सोसायटीचा पाण्याचा टँकर दर चौथ्या दिवशी येई. तुळजाबाईंची लेक मनकर्णा बाळंतपणाला माहेरी आली होती. तिची मुलगी पाच दिवसांची होती. टँकरच्या दिवशी सकाळीच तुळजाबाई तांब्याने मला उपसू लागल्या.

"माय, कावून सांडायलीस? अर्धा रांजण हाय की!" मनकर्णा खाटेवरून म्हणाली.

"ताज्यात शिळं मिसळायचं? आपल्या घरात कदी झालं न्हाई. तू गप पड."

मी रिता झालो. बायकांनी घरोघरी तेच केले होते. सारी गल्ली ओली झाली आणि घटकाभरात वाळलीही. दुपार झाली, टँकर आला नाही. वाटेत त्याच्या चाकाचा आस तुटल्याचा निरोप आला.

मनकर्णाच्या ओठांना कोरड पडली, अंगावरचे दूध कमी झाले. बाळ रडून रडून थकले. तुळजाबाई कळशी घेऊन सात दारे फिरल्या. दरेक घरी तेच उत्तर मिळाले, "आमीबी सकाळीच सांडलं, बाई."

आठवे दार नीलाबाईंचे. त्यांनी कळशी भरून दिली.

"आदीच सांगते, तुळजाबाई, तीन दिसांचं शिळं हाय. चालंल ना तुमाला?"

"वत गं बाई, टोमणे मागून मार. लेकरू रडायलंय."

"टोमणा न्हाई. मी कपिलधारला देवाला गेलते, आत्ताच आले. घरी असते तर मीबी सांडलंच असतं."

हे बोलणे तुळजाबाईंनी घरी येऊन लेकीला सांगितले, म्हणून मला कळले. शहाणपणाने नव्हे, केवळ घर बंद असल्याने ते पाणी वाचले होते. मनकर्णा ते घोटाघोटाने प्याली. दिवेलागणीला बाळाला दूध मिळाले.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. कळशीच्या तळाशी दोन तांबे पाणी उरले होते. तुळजाबाईंनी ती उचलली, उंबऱ्यापर्यंत नेली आणि तिथेच उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांचा हात सहजी वळत नाही. मग मागे फिरून त्यांनी ते पाणी फडक्याने गाळले, झाकले आणि म्हणाल्या, "आदी हे संपवायचं."

तुळजाबाई आता नाहीत. माझ्या बुडाला आरपार चीर गेली आहे. मी परसात पडून आहे. घरोघरी नळ आले, तरी पहाटे नळाची चाहूल लागताच कालचे हंडे मोरीत रिते होताना मला ऐकू येतात. माझी विनंती एवढीच: ते पाणी झाकून ठेवा, गाळून प्या, पिणे नको वाटले तर भांड्यांना, सड्याला, गुरांना वापरा. माझ्यात आता थेंबही टिकत नाही. तुमचे हंडे अजून शाबूत आहेत.