पडद्यावरचं ‘झालं’

दुसऱ्याच्या प्रोग्राममधल्या चुका काढायला मला भारी आवडायचं. शहाण्णव साली मी रोज पेणहून एसटीने रोह्याच्या कंपनीत यायचे ती जणू त्यासाठीच. त्यातून माझ्या हाताखालच्या धनेशचे कागद हाती आले की माझ्या लाल पेनाला चेवच चढायचा.

त्याने बॅकअपचा प्रोग्राम बदलला होता. माझा जुना प्रोग्राम सगळा डेटा एकाच टेपवर उतरवायचा. याचा एकाच वेळी दोन टेपांवर, अर्धा अर्धा. परत भरायचा तोही दोन्हींवरून एकदम. वेळ निम्मा.

“सही करा, निशिगंधाताई. झालंच आहे.”

“आधी सगळं परत भरून दाखव,” मी म्हटलं.

टेपा पूर्वी कारखान्यात ड्रम उचलणाऱ्या हैबतरावांच्या ताब्यात असत. पडद्यावर रोमन अक्षरांत ‘झालं’ उमटलं की ते त्या काढायचे आणि पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावातल्या गोदामात ठेवून यायचे. गेल्या वर्षी एक टेप अर्धवट निघाली, तेव्हा ‘घाईने काढली’ असा शेरा बॅकअपच्या वहीत त्यांच्या नावावर पडला होता. आणखी एक चूक, की पुन्हा ड्रम उचलायला पाठवीन, असं साहेबांनी बजावलं होतं.

‘झालं’ उमटलं. हैबतरावांनी टेपा काढून दिल्या. आम्ही त्या दुसऱ्या मशीनवर चढवल्या. पहिली नीट भरली, दुसरी मध्येच अडली.

“काका, पुन्हा घाई केलीत!” धनेश ओरडला.

“झालं दिसलं म्हनून काढली. मी काय उगाच हात लावतो?” हैबतरावांचा चेहरा पडला.

मी कागद उलटले आणि ओळ सापडली. कॉम्प्युटरने डेटा पाठवला की लगेच ‘झालं’ यायचं. टेपवर तो लिहून संपला का, हे कुणी विचारतच नव्हतं. मी ओळीभोवती दणदणीत गोल काढला.

“हे ‘झालं’ नाही, तुझं ‘झालंच’ आहे! कुठून आणलीस ही ओळ?”

“तुमच्याच जुन्या प्रोग्राममधून, ताई. जशीच्या तशी.”

म्हणजे गेल्या वर्षीची ती टेपसुद्धा. मला इतकी लाज वाटली, की हैबतरावांकडे बघवेना.

धनेशने ‘झालं’ दोन्ही टेपा लिहून संपल्यावरच येईल असं केलं. दुपारच्या चाचणीत सगळा डेटा परत आला. मी सही केली. मग गेल्या वर्षीची वही काढली, हैबतरावांच्या नावावरचा शेरा खोडला आणि त्याच लाल पेनाने खाली लिहिलं: चूक प्रोग्रामची होती. प्रोग्राम माझा होता.

वही साहेबांकडे नेण्याआधी ती हैबतरावांना दाखवली. त्यांनी बोट ठेवून दोनदा वाचलं.

“वरीसभर मला वाटत व्हतं, ताई,” ते म्हणाले, “माजाच हात चुकला.”